वूडन गेले म्हणून यूसीएलए ढासळलं?

'यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वूडन 1975 मध्ये निवृत्त झाले, पुढचे प्रशिक्षक कच्चे निघाले आणि यूसीएलएचं बास्केटबॉल बसलं,' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आकडे वेगळंच बोलतात. लगेच आलेल्या जीन बार्टो यांनी दोन हंगामांत 52 सामने जिंकले, 9 हरले. त्यांच्यामागून आलेल्या गॅरी कनिंगहॅम यांचा हिशोब 50-8. याला कच्चं कसं म्हणायचं?

बदलली ती एनसीएए, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा. 1974 पर्यंत एका कॉन्फरन्समधून (विद्यापीठांच्या साखळी गटातून) एकच संघ जायचा, पश्चिमेचे संघ पश्चिम गटातच खेळायचे आणि यूसीएलएला पहिली फेरी माफ असायची. वूडन यांच्या 10 विजेतेपदांपैकी पहिली 9 प्रत्येकी चारच सामने जिंकून आली. 1975 ला संघ 32 झाले, 1985 ला 64. आता सहा सामने लागतात, आणि एक हरला की घरी. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 80 टक्के धरा: चार सामन्यांत विजेतेपदाची शक्यता 41 टक्के उरते, सहांत 26.

आणि खेळाडू टिकत नाहीत, हे तर फारच जड जातं. ल्यू अल्सिंडर मुख्य संघात तीन हंगाम खेळला; तिन्ही वर्षी करंडक आला. 2008 मध्ये संघाला अंतिम चारात नेणारा केविन लव्ह एकाच हंगामानंतर एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेला.