मुलाचा बीएमआय आणि मुलाची जीवनगुणवत्ता: एकीवरून दुसरी ठरत नाही

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, बहुतेक पालकांना ठाऊक असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांत पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी प्रौढांच्या २३ बीएमआयशी जुळणाऱ्या रेषेपुढे जादा वजन आणि २७ शी जुळणाऱ्या रेषेपुढे स्थूलता मानतात. यापलीकडे त्यावर शब्द खर्चण्याचे कारण नाही.

जीवनगुणवत्ता मोजण्यासाठी पेड्सक्यूएल ही प्रश्नावली सर्रास वापरली जाते. तिच्या तेवीस प्रश्नांपैकी एकही मुलाचे वजन विचारत नाही. गेल्या महिनाभरात धावताना त्रास झाला का, भीती किंवा उदासी वाटली का, इतर मुले चिडवतात का, वर्गात लक्ष लागते का, असे ते प्रश्न असतात आणि उत्तरांवरून शून्य ते शंभर गुण मिळतात. जास्त गुण म्हणजे चांगले जगणे.

खरी गल्लत होते ती हे गुण कोणी दिले याकडे दुर्लक्ष केल्यामुळे. काटा कोणीही वाचला तरी आकडा तोच येतो, येथे मात्र उत्तर देणारा बदलला की मोजलेली गोष्टच बदलते, कारण मुलाच्या कागदावर त्याला स्वतःला काय जाणवते ते उतरते आणि पालकांच्या कागदावर त्यांना दिसलेले व त्यांच्या काळजीने रंगलेले चित्र उतरते. दोन ते चार वर्षांच्या मुलांबाबत पालकांवाचून इलाज नाही. पण पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीही चेहऱ्यांची चित्रे दाखवून विचारण्याची सोय आहे, तेव्हा दहा वर्षांच्या मुलाऐवजी आईलाच विचारून ‘मुलाची जीवनगुणवत्ता’ असा मथळा देणे मला मुळीच मान्य नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातील शाळकरी मुलांच्या २००५ च्या अभ्यासात दोन्ही कागद वेगळे ठेवले होते. त्यात जादा वजनाच्या मुलांनी स्वतःला सरासरी ७९.३ गुण दिले आणि वजन मर्यादेत असलेल्यांनी ८०.५, म्हणजे जेमतेम सव्वा गुणाचा फरक. पालकांच्या कागदांवर मात्र हाच फरक तीन गुणांचा होता. स्थूल मुलांनी स्वतःला दिलेले गुण ७४ होते, आणि ही घट दुर्लक्षण्याजोगी नाही. पण ती मुख्यतः शारीरिक हालचाल आणि सवंगड्यांशी वागणे या भागांत होती, भावनिक आणि शालेय भागांत ठळक नव्हती.

तरीही ‘स्थूल मुलांचे जगणे कर्करोगाच्या रुग्णांसारखे’ हे वाक्य अजून फिरते. त्याचा उगम २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे, ज्यातील १०६ मुले तीव्र स्थूलतेच्या तपासणीसाठी रुग्णालयात पाठवलेली होती. ज्यांचा त्रास आधीच इतका वाढला होता, त्यांचे गुण वर्गातल्या प्रत्येक गुबगुबीत मुलाला लावणे हा निव्वळ आळस आहे. वजन कमी करण्याच्या उपक्रमात दोन्ही कागद जरूर भरून घ्यावेत, पण वेगवेगळ्या वेळी, मुलाचा कागद आईवडिलांच्या नजरेआड, आणि दोन्हींची सरासरी कदापि काढू नये.