फायटर, विझार्ड आणि दिवसाचे वीस राउंड

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये एक क्लास (पात्राचा प्रकार, जसा योद्धा फायटर किंवा जादूगार विझार्ड) दुसऱ्यावर भारी पडतोय अशी तक्रार आली की गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, लगेच डॅमेजचे आकडे कमी-जास्त करायला बसतो. पण बहुतेक वेळा गडबड आकड्यांत नसते. पात्रांच्या खर्च झालेल्या शक्ती विश्रांतीनंतर परत येतात; अशा दोन विश्रांतींच्या मध्ये किती राउंड (प्रत्येकाची एक-एक पाळी) लढाई होते, हे कुणी मोजलेलं नसतं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीतला पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या. ग्रेटसोर्डचा वार म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे अधिक ताकदीचे ४, सरासरी ११. वार लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर हाती येतात ७.१५. वार लागतो का हे ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशावर २० पडले की डॅमेजचे फासे दुप्पट होतात, त्याचे आणखी ०.३५. म्हणजे एका वाराला ७.५. या लेव्हलला राउंडमध्ये दोन वार मिळतात, म्हणून १५.

आता विझार्ड. फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. शत्रूचा बचाव यशस्वी झाला तर निम्मे. दहातल्या सहा वेळा बचाव फसतो असं धरा, तर प्रत्येक शत्रूमागे २२.४ पडतात. आगीच्या गोळ्यात चार जण सापडले तर जवळजवळ ९०. मात्र फायरबॉलला लागणारे तिसऱ्या पातळीचे स्लॉट (मोठ्या विश्रांतीपर्यंत जादू वापरण्याच्या संधी) दोनच. ते संपले की फायर बोल्ट ही स्लॉट न लागणारी छोटी जादू, आणि त्याचे राउंडला साधारण ७.७. (अ‍ॅक्शन सर्ज ही फायटरची जादा कृती, आर्केन रिकव्हरी ही विझार्डची काही स्लॉट परत मिळवण्याची सोय आणि खालच्या पातळीचे स्लॉट इथे मुद्दाम बाजूला ठेवले आहेत.)

दिवसभरात चार राउंडांची एकच चकमक झाली तर विझार्डचे होतात १९५ आणि फायटरचे ६०. हीच पात्रं त्याच दिवसात वीस राउंड लढली, तर विझार्ड ३१८ आणि फायटर ३००. नियम तेच, एकही आकडा बदललेला नाही.

त्या आवृत्तीच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरल्या आहेत. तुमच्या टेबलवर एक-दोनच होत असतील तर फायरबॉलचे फासे कापू नका, विश्रांती लांबवा. त्याच पुस्तकात तसा पर्यायी नियम आहे: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. प्रवास, तपास, राजकारण अशा संथ कथेला तो छान बसतो. २००८च्या चौथ्या आवृत्तीने वेगळा मार्ग काढला होता. कितीही वेळा, चकमकीत एकदा आणि दिवसातून एकदा, अशा ठरावीक साच्यातल्या शक्ती तिने सगळ्या क्लासना दिल्या. तोल साधला, पण क्लास एकसारखे वाटू लागले अशी टीका झाली. ती मला बरीचशी पटते.

वरच्या हिशेबात एक खोट आहे, तीही ध्यानात घ्यायला हवी. सात हिट पॉइंटच्या (म्हणजे सात डॅमेजला मरणाऱ्या) गॉब्लिनवर २८ डॅमेज पडलं की २१ वाया जातं. म्हणून कागदावरच्या डॅमेजपेक्षा ‘शत्रूंच्या किती पाळ्या हुकवल्या’ हे मोजणं जास्त उपयोगी. एकट्या मोठ्या राक्षसाचा एक राउंड हुकवणारी जादू शून्य डॅमेज करूनही लढाई फिरवते.

पात्राचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागणं किती अवघड हे सांगणारा आकडा, वाढवताना विशेष जपा. शत्रूचा वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा जास्त हवे असतील, तर +१ दिल्यावर त्याचे वार ५० टक्क्यांवरून ४५ वर येतात, म्हणजे दहावा भाग कमी. पण आधीच त्याला १९ किंवा २० लागत असतील, तर तोच +१ निम्मे वार थांबवतो. ढाल, जादू आणि जादुई चिलखत यांचे बोनस एकमेकांत मिसळू दिले की नेमकं हेच होतं, आणि मग गेम मास्टर शत्रूंचे हल्ले वाढवतो, त्यात बाकीची पात्रं मरतात.

लढाईबाहेर प्रश्न कामाच्या वाटणीचा. नॉक जादूने कुठलंही कुलूप झटक्यात उघडलं तर ‘रोग’ने, म्हणजे कुलूप उघडण्यात आणि लपून शिरण्यात तरबेज असलेल्या क्लासने, काय करायचं? पाचव्या आवृत्तीत या जादूचा ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. कुलूप उघडतं, पण पहारेकरी जागे होतात. शांतपणे आत शिरायचं असेल तर ‘रोग’च लागतो. नवी शक्ती लिहिताना अशी किंमत शोधा, मनाई नको.

बदल तपासताना एका वेळी एकच आकडा हलवा. एकच चकमक तीनदा खेळा: सगळे स्लॉट शिल्लक असताना, निम्मे संपल्यावर, आणि एकही नसताना. प्रत्येक राउंडला कुणाच्या कृतीने परिस्थिती बदलली ते वहीत टिपत जा. तिन्ही खेळांत एखाद्या पात्राचं नाव वहीत आलंच नाही, तर दुसऱ्याची शक्ती काढून घेण्याआधी त्या पात्राला एखादी नवी कृती द्या.