पिंजऱ्यातून सोडवलेल्या कोंबड्यांचा घरगुती आहार

अंड्यांच्या पोल्ट्रीत तारेच्या पिंजऱ्यात वाढलेली आणि उत्पादन घटल्यावर काढून टाकलेली कोंबडी घरी आणून सांभाळताना तिला काय, किती आणि कसे खाऊ घालायचे, याचा विचार या नोंदीत केला आहे. गावरान कोंबडी चार दाणे टाकले तरी उकिरड्यावर उकरून स्वतःचे भागवते. पिंजऱ्यातून आलेल्या कोंबडीचे तसे भागत नाही. तिचा पिंजरा सुटतो, अंड्यांचा रतीब सुटत नाही; म्हणून मोकळ्या अंगणातही तिला निदान सुरुवातीचे अनेक महिने पोल्ट्रीचेच संतुलित खाद्य द्यावे लागते.

पुणे हे अंडी उद्योगाचे देशातील एक मोठे केंद्र आहे. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने 1982 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्यालय पुण्यात आहे, तर शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकीला आहे. अंड्यांच्या शेडमध्ये प्रामुख्याने पांढऱ्या लेगहॉर्न वंशाची बीव्ही-300 ही संकरित कोंबडी दिसते. तिचे वजन जेमतेम दीड किलो भरते, पण ती वर्षाला 300च्या वर अंडी देते. गावरान कोंबडीची अंडी वर्षाकाठी 60 ते 80 भरतात. दीड-दोन वर्षांची झाली की पिंजऱ्यातली कोंबडी मालकाला परवडत नाही आणि चिकनच्या दुकानात ‘लेअर’ म्हणून स्वस्तात जाते. वास्तविक तिचे पुढेही काही वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. शहराच्या कडेने, जिथे अजून बंगल्याला अंगण आहे किंवा मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे अशा दोन-चार कोंबड्या सांभाळता येतात.

ब्रिटनमध्ये हे काम संघटितपणे चालते. तेथील ‘ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट’ ही संस्था 2005 पासून अशा कोंबड्यांना घरे मिळवून देते. युरोपीय संघाने साधे बॅटरी पिंजरे, म्हणजे ओळीने रचलेले तारेचे अरुंद पिंजरे, 1 जानेवारी 2012 पासून बंद केले. भारतात पिंजरे चालूच आहेत. 2023च्या नियमांनी एका पक्ष्यामागे किमान 550 चौरस सेंटिमीटर जागा ठरवून दिली आहे. ए-फोर आकाराचा कागद याहून मोठा असतो. एवढ्या जागेत उभे आयुष्य काढलेल्या जिवाची हाडे कशी असतील, हे लक्षात घेतले की आहाराचा प्रश्न नीट समजतो.

एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते, तर कोंबडीच्या सगळ्या हाडांत मिळून ते 20 ग्रॅमच्या आसपास भरते. अंडी देणारी कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या भुकटीसारख्या तयार खाद्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असल्याने तिच्या पोटात दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास जाते आणि त्यातले साधारण निम्मे अंगी लागते. म्हणजे जमा-खर्च कसाबसा जुळतो. आता मायेपोटी कोणी अर्धे मॅश काढून त्या जागी भात दिला, तर अंडे थांबत नाही. कमी पडलेले कॅल्शियम हाडांतून काढले जाते. चालणे-उडणे नसल्याने पिंजऱ्यातच पोकळ झालेली ही हाडे मग किरकोळ उडीनेही मोडतात. छातीचे हाड वाकडे झालेले किंवा मोडून जुळलेले तर अशा कोंबड्यांत फार आढळते. पाय लुळे पडून कोंबडी एका कुशीवर पडून राहिली, तर तिला त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

घरी आल्यावर पहिले काही दिवस खाद्य बदलू नये. शेडमध्ये तिला भुकटीसारखे मॅशच मिळत होते आणि तेवढेच तिला अन्न म्हणून ठाऊक असते. ज्वारीचे दाणे समोर टाकले तर ती बघत उभी राहते. पाण्याचेही तसेच. शेडमध्ये नळीला लावलेल्या निपलवर चोच मारली की थेंब पडतो; पसरट भांड्यातले स्थिर पाणी तिला ओळखताच येत नाही. अशा वेळी भांड्यावर हात धरून बोटांवरून थेंब थेंब सोडावेत. चमकणाऱ्या थेंबाला ती चोच मारते, चोच पाण्यात बुडते, मान वर करून ती घोट गिळते आणि पाणी कुठे आहे हे तिला कळते. आणखी एक अडचण कापलेल्या चोचीची असते. पिल्लू असतानाच चोचीचे टोक तापलेल्या पात्याने छाटलेले असल्यामुळे सपाट जमिनीवरचा बारीक दाणा तिला चिमटीत धरता येत नाही. त्यासाठी चार बोटे खोल भांड्यात खाद्याचा चांगला थर द्यावा. कोमट पाण्यात मॅश भिजवून त्याचा सरबरीत गोळा केला तर अशक्त कोंबडीही खाते. मात्र उन्हाळ्यात तासा-दोन तासांत उरलेला गोळा काढून टाकावा, कारण तो आंबतो. एकाच भांड्यावर धडधाकट कोंबडी दुबळीला फिरकू देत नाही, म्हणून भांडी निदान दोन आणि लांब लांब ठेवावीत.

पशुखाद्याच्या दुकानात मॅश घेताना ते ‘लेअर’चेच आहे याची खात्री करावी. ब्रॉयलरच्या खाद्यात ऊर्जा जास्त आणि कॅल्शियम फारच कमी असते. लेअरच्या खाद्यात प्रथिने 16 ते 18 टक्के असतात. पोते घेतले तर स्वस्त पडते, पण दोन-चार कोंबड्यांसाठी ते महिनोन् महिने पुरते आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. म्हणून पाच-पाच किलो आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे बरे. गुठळ्या झालेले, कुबट वासाचे खाद्य उन्हात वाळवून वापरू नये. बुरशीतले अफलाटॉक्सिन वाळवून किंवा शिजवूनही पुरते जात नाही, आणि ते यकृतावर घाला घालते. शेंगदाण्याच्या पेंडीबाबत हा धोका विशेष असतो.

घरातले उष्टे-खरकटे हा मराठी घरांत हमखास निघणारा विषय. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण शिळी पोळी आणि भात या कोंबडीच्या पोटात गेले की तेवढी जागा मॅशला उरत नाही. शिवाय पिंजऱ्यातल्या बैठ्या आयुष्याने तिच्या यकृतात आधीच चरबी साठलेली असू शकते आणि पिठूळ, तेलकट खाणे त्यात भर घालते. वरचे खाणे एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापुढे नसावे. म्हणजे एका कोंबडीला दिवसाला दहा-बारा ग्रॅम, तेही मॅश खाऊन झाल्यावर दुपारनंतर. ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी जमिनीवर विखरून टाकली तर तिला उकरायची सवय लागते, आणि उकरणे हे तिच्यासाठी खाण्याइतकेच गरजेचे आहे. नाचणी दिली की कॅल्शियमची सोय झाली, असे अनेकांना वाटते. धान्यांत नाचणीत कॅल्शियम सर्वांत जास्त हे खरे, पण ते 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे लेअर मॅशच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके. फरसाण, लोणचे, पापड यांतले मीठ तिला बाधते. चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो, हिरवट पडलेल्या बटाट्याची साल, कच्चा राजमा आणि कच्चे सोयाबीन कधीही देऊ नये.

पाल्याच्या बाबतीत पुणेकरांची चंगळ आहे. महात्मा फुले मंडईत किंवा गल्लीतल्या भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला, कोबीची वरची पाने सहज मिळतात. सर्वांत गुणाचा शेवग्याचा पाला. त्यात प्रथिने, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक भरपूर असतो. लसूणघासही चांगला. पालक अधूनमधूनच द्यावा, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. पाला बारीक चिरून द्यावा. लांब गवताचे धागे गळ्याखालच्या अन्नपिशवीत गुंतून ती दाटते. सकाळी उपाशीपोटीसुद्धा ही पिशवी टणक लागली, तर काहीतरी अडले आहे असे समजावे. चिरलेल्या पानांची जुडी सुतळीने बांधून चोचीच्या उंचीवर टांगली की छाटलेल्या चोचीनेही तिला पान ओढून तोडता येते.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवावा आणि संध्याकाळी ती वाटी भरलेली असल्याची खात्री करावी. अंड्याचे कवच घडायला वीस तासांच्या आसपास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री होतो. त्या वेळी पोटात सावकाश विरघळणारे शिंपले असतील तर हाडांवर भार कमी पडतो. गरजेप्रमाणे कोंबडी स्वतःच कमी-जास्त टिपते, म्हणून चुरा मॅशमध्ये मिसळू नये. घरच्या अंड्यांची कवचे धुऊन, वाळवून, भाजून, अंड्याचा आकार ओळखू येणार नाही इतकी कुटून दिली तरी चालतात. दाणे-पाला सुरू झाला की पेषणीत दळण्यासाठी बारीक खडेही हवेत. ते विरघळणारे नसावेत, म्हणून शिंपले त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

उघडी पाठ आणि झडलेली मान पाहून लोक कळवळतात. पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांची असतात आणि त्यांना मेथिओनिनसारखी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. डाळींत मेथिओनिन कमी असते, तिळाच्या पेंडीत बरे असते. आठवड्यातून दोन-तीनदा उकडून कुस्करलेले अंडे किंवा मीठ निघून जाईपर्यंत धुतलेला सुका जवळा थोडा द्यावा. नवी पिसे कोंबांसारखी फुटू लागतात, फिकट तुरा हळूहळू लाल होतो. वर्षातून एकदा पिसे गाळण्याच्या काळात अंडी थांबतात. तेव्हा अंड्यासाठी घाई न करता हाच आहार वाढवावा.

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत कोंबडीची भूक मरते आणि एरवी दिवसाला पाव लिटरच्या आत असलेले पाणी दुपटीवर जाते. मॅश उजाडताच आणि ऊन उतरल्यावर द्यावे. दुपारी सावलीत गार पाणी, काकडी, कलिंगडाची साल. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर काहीही टाकू नये. तारेवर वाढलेल्या कोंबडीचा मातीतल्या कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींशी फारसा संबंध आलेला नसतो आणि रक्ती हगवण तिला लवकर गाठते. खाद्याची भांडी छपराखाली, जाळीच्या आत असावीत. कबुतरे, चिमण्या आणि घुशी तिथे पोचल्या की मानमोडीसारखे (राणीखेत) रोगही पोचतात. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक झाला. घरगुती कळपात एकाएकी मरतूक झाली, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे आणि मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये.

अंडी कायमची थांबल्यावर हिशेब उलटतो. जे कॅल्शियम आधी अपुरे पडत होते, तेच आता मूत्रपिंडांना जड जाते. अशा म्हाताऱ्या कोंबडीला वाढत्या पक्ष्यांचे ग्रोअर खाद्य द्यावे आणि शिंपल्यांची वाटी बाजूला ठेवावी. कळपात एखादी अजून अंडी देत असेल तर सर्वांना ग्रोअर आणि शिंपले वेगळ्या वाटीत, हा मार्ग सोयीचा ठरतो, कारण ज्या कोंबडीला गरज नाही ती त्या वाटीकडे फारशी वळत नाही.