संमतीने घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा : पहिल्या भेटीआधी वाचून या

ही माहिती हिंदू विवाह कायदा, 1955 लागू असलेल्या जोडप्यांसाठी आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू होतो. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल तर संमतीच्या घटस्फोटाची वाट जवळपास हीच आहे. इतर धर्मीयांचे नियम वेगळे आहेत, ते भेटीत सांगू.

स्टॅम्पपेपरवर काडीमोड लिहून घेतला आहे. तो चालतो का?

नाही. कागदावर सह्या कोणी केल्या एवढंच नोटरीचा शिक्का सांगतो. लग्न मोडायचा अधिकार नोटरीला नाही. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि कलम 29 तिला मान्यता देतं. पण ती आपल्या समाजात पूर्वापार चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. असा कागद हातात धरून दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा आधी कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा, मग पुढचा विचार.

संमतीने किती दिवस लागतात?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब नुसार अर्जाआधी किमान 1 वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नांदत नसाल तर ते वेगळं राहणंच धरतात. अर्ज दोघांच्या सहीने होतो. त्यानंतर 6 महिने थांबून, 18 महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टापुढे संमती सांगायची. हे 6 महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात ठरवलं. त्यासाठी साधारणपणे अर्जाच्या वेळीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं आणि पैसे, मुलं, सामान यांचं सगळं मिटलेलं हवं.

हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. बहुतेक घोळ याच मधल्या काळात होतात, म्हणून अटी नीट लिहिणं हे या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम आहे.

कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये) काय लिहायचं?

एकरकमी पोटगीची सगळी रक्कम अर्जाच्या दिवशीच दिली तर देणारा अडकतो, सगळी शेवटी ठेवली तर घेणारी. म्हणून काही भाग अर्ज दाखल करताना आणि उरलेला शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, असं लिहावं. प्रत्येक टप्प्याची रक्कम आणि तारीख हवीच.

‘फ्लॅट पत्नीकडे राहील’ एवढंच वाक्य धोक्याचं आहे. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँक तुमच्या आपसातल्या अटींना बांधील नसते; हप्ता थकला की ती दोघांनाही गाठते. हप्ते कोण भरणार, बँकेकडून दुसऱ्याचं नाव कधीपर्यंत कमी करून घेणार, हक्कसोडपत्र कोणत्या तारखेला नोंदवणार आणि त्याचा खर्च कोणाचा, हे चारही लिहा. स्त्रीधनाची यादी वजनासह जोडा आणि परत केल्याची पोच घ्या.

चालू असलेल्या प्रत्येक केसचा नंबर टाका. 498अ चा, म्हणजे पत्नीच्या छळाचा गुन्हा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85) पत्नीने ‘मागे घेते’ म्हटल्याने संपत नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तिथे तिची संमती लागते. ती देण्याची अट नसेल तर घटस्फोट होतो, पण फौजदारी केस मागे उरते.

लग्नाआधी करार केला होता. त्याचं काय?

गोव्यात तिथल्या नागरी संहितेनुसार लग्नापूर्वी मालमत्तेचा करार करता येतो. इतरत्र ‘पोटगी मागणार नाही’ अशा अटीवर विसंबू नका. अशी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकते.

मुलं कोणाकडे राहतील?

5 वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, पण निर्णय मुलाच्या हितावर होतो. पगार जास्त म्हणून ताबा मिळत नाही. मूल समजण्याच्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी दालनात एकांतात बोलू शकतात. त्याला पढवून आणू नका, कृपा करून. त्यात त्याचीच ओढाताण होते.

‘वडील वेळोवेळी भेटतील’ असं लिहिलं की भांडणाला निमित्त मिळतं. वार, वेळ, न्यायचं-आणायचं ठिकाण, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीची वाटणी, आजारपणात चुकलेल्या भेटीची भरपाई, पासपोर्टवरची सही, शाळा बदलताना किंवा गाव सोडताना किती दिवस आधी कळवायचं, हे ठरवा. मुलाच्या खर्चाचा हक्क मुलाचा असतो. आईने ‘मला काही नको’ लिहून दिलं तरी तो बुडत नाही. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेश कलम 26 खाली बदलून मागता येतो.

एकमत नसेल तर?

कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकासमोर बसावं लागतं. पोटगीच्या वादात 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात लपवलेलं खातं पुढे बँक स्टेटमेंटमधून उघडं पडलं की कोर्टाचा तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास जातो.

भेटीला काय आणायचं?

विवाह नोंदणीचा दाखला. तो नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो. दोघांचे आधार, मुलांचे जन्मदाखले, 3 वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, कर्जाची कागदपत्रं आणि आधीच्या केसेसच्या नकला. मूळ प्रती घरीच ठेवा, झेरॉक्स पुरेत.