बंद झालेल्या विशेष फिल्मांविषयी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे रोल घ्यायला आणि धुवायला टाकायला येणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक काढले आहे. साध्या कृष्णधवल आणि रंगीत निगेटिव्ह फिल्मा आजही बाजारात आहेत आणि त्यांच्याविषयी, किमती सोडल्यास, वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. येथे विषय आहे तो इन्फ्रारेड, कोडाक्रोम, टेक्निकल पॅन (अतिशय बारीक कणांची कृष्णधवल फिल्म), टंगस्टन म्हणजे तारेच्या पिवळसर दिव्यांसाठीच्या स्लाइड फिल्मा अशा एखाद्या खास कामासाठीच बनलेल्या फिल्मांचा. त्यांतल्या बऱ्याचशा या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाल्या, पण त्यांचे रोल अजून कुणाच्या कपाटात, कुणाच्या फ्रीजमध्ये सापडतात, आणि ते काउंटरवर ठेवताना विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : ‘ही फिल्म बंद झाली म्हणे, मग हा रोल वाया गेला का?’

बहुतेक वेळा वाया गेलेला नसतो. फिल्म बनणे बंद होणे आणि ती धुण्याची प्रक्रिया बंद होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या रोलच्या डबीवर सी-४१ असे छापले असेल तर तो आजच्या रंगीत निगेटिव्हसारखाच धुतला जातो, ई-६ असेल तर आजच्या स्लाइडसारखा, आणि कृष्णधवल रोल असेल तर त्यासाठी योग्य डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) आणि योग्य वेळ ठरवता येते. फिल्मचे नाव बाजारातून गेले तरी रसायने मिळतात तोवर आत टिपलेले चित्र बाहेर काढता येते. म्हणून आम्ही डबीवरच्या नावाआधी प्रक्रियेची खूण पाहतो.

याला मोठा अपवाद कोडाक्रोमचा आहे. ही फिल्म १९३५ साली प्रथम सिनेमासाठी आणि पुढच्याच वर्षी ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी आली. (तिचे दोन्ही जनक, लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्हस्की, संगीतकार होते, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.) इतर रंगीत फिल्मांमध्ये रंग तयार करणारी द्रव्ये फिल्मच्या थरांतच घातलेली असतात, कोडाक्रोममध्ये ती नसत. ती मुळात कृष्णधवल थरांची फिल्म होती आणि प्रत्येक थराला त्याचा रंग धुताना, वेगवेगळ्या टप्प्यांत, बाहेरून दिला जाई. त्यामुळे तिची रेखीवता आणि अंधारात ठेवलेल्या स्लाइडचा टिकाऊपणा वाखाणला गेला, पण त्याच कारणाने ती के-१४ या अत्यंत किचकट प्रक्रियेवर पूर्णपणे अवलंबून राहिली. जून २००९ मध्ये कोडॅकने ती बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीच्या स्थिर छायाचित्रणाच्या फिल्मविक्रीत तिचा वाटा एक टक्क्याहूनही कमी उरला होता. ती धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्ससमधील पार्सन्स या गावी होती. तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे थांबवले.

तेव्हा आपल्याकडे न धुतलेला कोडाक्रोम निघाला तर त्याचे रंग आता येणार नाहीत, हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो. तो कृष्णधवल निगेटिव्ह म्हणून मात्र धुता येतो. त्यासाठी पाठीमागचा काजळीचा थर पाण्याखाली हाताने पुसून काढावा लागतो, आणि आतला पिवळा गाळणी-थर तसाच राहिल्याने निगेटिव्ह दाट दिसते. चेहरे ओळखू येतील एवढे चित्र मिळाले तरी समाधान मानावे लागते. याउलट धुतलेल्या स्लाइडची काळजी नसावी. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या, पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या जुन्या स्लाइड पुष्कळ घरांत आहेत. चौकटीच्या कडेला पाहावे, बहुधा धुतल्याचा महिना आणि वर्ष उमटवलेले असते, आणि कुटुंबातला एखादा लग्नसमारंभ नेमका कधीचा हा वाद तेवढ्यावर मिटतो. कोडाक्रोम स्कॅन करताना स्कॅनरची धूळ काढण्याची इन्फ्रारेड सोय नीट चालत नाही, म्हणून आम्ही या स्लाइड हाताने साफ करतो आणि त्याचा दर थोडा जास्त लावतो.

सर्वाधिक विचारणा इन्फ्रारेडची होते. कोडॅकची एचआयई ही फिल्म २००७ मध्ये बंद झाली. ती सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपत असे. पावसाळ्यानंतरची सह्याद्रीची झाडी तिच्यावर बर्फासारखी पांढरी आणि आकाश जवळजवळ काळे येई. तिच्या पाठीमागे प्रकाशाचे परावर्तन रोखणारा थर नसल्याने उजळ भागांभोवती एक प्रभावळ पसरत असे आणि अनेकांना तीच हवी असते. पण त्याच बांधणीमुळे रोलच्या बाहेर राहिलेल्या टोकातून प्रकाश आत झिरपतो, आणि म्हणून हा रोल पूर्ण अंधारातच कॅमेऱ्यात घालावा आणि काढावा लागतो. याचा धडा आम्हीही पैसे मोजून शिकलो आहोत : सुरुवातीच्या काळात असा एक रोल आमच्याच हातून साध्या खोलीत डबीबाहेर निघाला आणि पहिल्या पाच फ्रेमवर छिद्रांच्या नक्षीसह काळे पट्टे आले. त्या ग्राहकाला आम्ही पैसे परत केले. फ्रेम परत करता आल्या नाहीत. म्हणून आपल्याकडे एचआयई असेल तर कृपया काळी प्लॅस्टिकची डबी न उघडता तशीच आणून द्यावी.

आज त्या जागी इलफर्ड एसएफएक्स २०० आणि रोलाय इन्फ्रारेड ४०० या दोन फिल्मा सुचवता येतात, पण त्या एचआयई नव्हेत. एसएफएक्सची मजल साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंतच आहे. जुना, दृश्य प्रकाश पूर्ण अडवणारा ८७ क्रमांकाचा फिल्टर तिच्यावर लावला तर रोल कोरा निघेल. त्याऐवजी आर७२ फिल्टर वापरावा, स्टँड जवळ ठेवावा आणि एकाच दृश्याची तीन-चार वेगवेगळी एक्स्पोजर घ्यावीत. झाडी उजळ येईल, प्रभावळ येणार नाही. काही स्वयंचलित कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकल्याचे मोजण्यासाठी आतच इन्फ्रारेड दिवा असतो आणि तो फिल्मच्या कडेला धूसर पट्टा उमटवतो, हेही ध्यानात असू द्यावे.

रंगीत इन्फ्रारेड फिल्म, जिच्यावर हिरवी पाने तांबडी दिसत, तिला मात्र आज पर्यायच नाही. या फिल्मचे आपल्या देशावर एक ऋण आहे : १९७०च्या सुमारास हवामानशास्त्रज्ञ प्रा. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून अशाच फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेऊन ‘रूट विल्ट’ या मर रोगाने ग्रासलेली झाडे ओळखली गेली, आणि भारतातील दूरसंवेदनाचा, म्हणजे आकाशातून जमिनीची पाहणी करण्याच्या तंत्राचा, आरंभ त्या प्रयोगापासून मानतात.

टेक्निकल पॅनच्या बारीक कणांची सवय असणाऱ्यांना आम्ही अॅडॉक्स सीएमएस २० दाखवतो. तिला तिचा खास डेव्हलपरच लागतो. टंगस्टन दिव्यांखाली काम करणाऱ्यांनी दिवसाच्या स्लाइड फिल्मवर ८०ए हा निळा फिल्टर लावावा, मात्र त्यात सुमारे दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा फिल्मपर्यंत पोहोचतो.

एवढी मागणी असताना कंपन्या या फिल्मा बनवत का नाहीत, असे पुष्कळ जण विचारतात. फिल्म ही चार-पाचशे रोलच्या बेताने बनवता येणारी वस्तू नाही. मीटरभराहून रुंद आणि शेकडो मीटर लांब पट्ट्यावर पूर्ण अंधारात जिलेटिन आणि चांदीच्या क्षारांचे थर एकसारखे चढवावे लागतात, आणि अशा एकाच पट्ट्यातून हजारो रोल निघतात. इन्फ्रारेडसारखी लवकर खराब होणारी फिल्म तेवढ्या संख्येने वेळेत विकली गेली नाही तर ती टाकूनच द्यावी लागते. त्यात एखादे रंगद्रव्य पुरवणारा कारखाना बंद पडतो किंवा एखाद्या रसायनावर निर्बंध येतात; अमेरिकेत २०२१ मध्ये फुजीची वेल्व्हिया १०० अशाच निर्बंधामुळे विक्रीतून गेली. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म होती. जुन्या स्टुडिओवाल्यांना तिची डबी आठवत असो वा नसो, तिचे एक्स-रे तरी त्यांनी पाहिले असतील. तो कारखानाही आता नाही.

बंद झालेली फिल्म कधी परतही येते. कोडॅकची एक्टाक्रोम २०१२ मध्ये गेली आणि २०१८ मध्ये परतली. फुजीची अॅक्रॉस २०१८ मध्ये थांबली आणि पुढच्या वर्षी सुधारित रूपात आली. या दोन्हींची रसायने जिवंत होती. कोडाक्रोमच्या बाबतीत अशी आशा कुणी दाखवली तर तिच्यावर आगाऊ पैसे देऊ नयेत.

मुदत उलटलेले कोरे रोल विकत घेण्याचा मोह आम्ही समजू शकतो, पण ते कसे ठेवले होते हे माहीत नसेल तर महत्त्वाच्या प्रसंगासाठी वापरू नयेत. फ्रीजरमधला रोल दमट हवेत लगेच उघडल्यास त्यावर पाणी धरते; तो बंद डबीतच किमान दोन-तीन तास बाहेर राहू द्यावा. परदेशातून फिल्म आणणाऱ्यांनी ती हातातल्या सामानात ठेवावी आणि विमानतळावर यंत्राऐवजी हाताने तपासण्याची विनंती करावी.

रोल देताना पाकिटावर फिल्मचे नाव, तो साधारण कोणत्या वर्षी काढला, कोणत्या वेगाला (आयएसओला) काढला आणि कोणता फिल्टर लावला होता हे लिहावे. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असे लिहावे. मग आम्ही आधी टोकाचा छोटा तुकडा धुऊन पाहतो आणि आपल्याला फोन केल्यावरच उरलेला रोल टाकीत घालतो.