सैन्यभरती आणि प्रशिक्षणातील मानसिक आरोग्य तपासणी: सोलापूर जिल्ह्यातील उमेदवार व पालकांसाठी

अग्निवीर म्हणून सैन्यात जाणाऱ्या मुलाच्या मनाची तपासणी एकाच दिवशी उरकत नाही. भरतीच्या मैदानावर अनुकूलता चाचणी होते, त्यानंतरच्या मेडिकलमध्ये डॉक्टर पूर्वीच्या आजारांची विचारपूस करतात आणि प्रशिक्षण केंद्रात दाखल झाल्यावर उस्ताद (प्रशिक्षक), कंपनीचे अधिकारी व एमआय रूममधील, म्हणजे केंद्रातील वैद्यकीय तपासणी कक्षातील, डॉक्टर पुढचे कित्येक आठवडे त्याच्या वागण्याकडे लक्ष ठेवतात. आपल्या जिल्ह्यात बार्शीपासून सांगोल्यापर्यंत धावण्याची व लेखी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या आहेत, परंतु या तीन टप्प्यांविषयी ना अकॅडमीत नीट सांगितले जाते, ना घरात बोलले जाते. त्यामुळे चांगली मुले नको तिथे घाबरतात आणि सांगायला हवे ते दडवतात. यातले दडवणे पुढे फार महाग पडते, म्हणून अर्जापासून प्रशिक्षणापर्यंतची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

अर्ज आणि पात्रता

अग्निवीरांची भरती ज्या योजनेतून होते ती अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. सेवेचा काळ प्रशिक्षणासह ४ वर्षांचा असतो आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते. अर्ज सैन्याच्या ‘जॉइन इंडियन आर्मी’ या संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागतो. जनरल ड्यूटी पदासाठी उमेदवार दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुणांनी उत्तीर्ण असावा लागतो. ट्रेड्समन, म्हणजे स्वयंपाकी, न्हावी यांसारख्या कामांच्या, पदांसाठी कामानुसार आठवी किंवा दहावी उत्तीर्ण असणे पुरते. उमेदवार अविवाहित असला पाहिजे. वयाची अट जन्मतारखेच्या कक्षेच्या रूपात दिलेली असते, म्हणून ती आणि आपला जिल्हा कोणत्या भरती कार्यालयाच्या अखत्यारीत येतो हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे. मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबून राहू नये.

आधी संगणकावरील सामायिक प्रवेश परीक्षा, मग मैदानावरील शारीरिक चाचणी आणि शेवटी मेडिकल, असा क्रम २०२३ पासून आहे. २०२५-२६ च्या भरतीत ही लेखी परीक्षा १३ भाषांमधून देण्याची सोय झाली आणि त्यांत मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा आहेत. अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्या घरातील किंवा शहराच्या पूर्व भागातील तेलुगू घरातील मुलाने अर्ज भरताना भाषेचा रकाना विचार करून निवडावा. सायबर कॅफेवाल्याच्या सवयीने तो भरला जाऊ नये.

कागदपत्रे

मैदानावर दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड, शाळा किंवा महाविद्यालयाचा चारित्र्य दाखला, सरपंचाचा अथवा महापालिकेचा गेल्या ६ महिन्यांतील चारित्र्य दाखला, फोटो लावलेला अविवाहित असल्याचा दाखला आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरील अलीकडच्या फोटोंच्या २० प्रती लागतात. प्रतिज्ञापत्र जाहिरातीच्या परिशिष्टातील नमुन्याप्रमाणेच, १० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर करावे. अधिवासाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतो. पोलीस चारित्र्य पडताळणीसाठी शहरहद्दीतील उमेदवाराचा अर्ज सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाकडे जातो, तर तालुक्यांतील उमेदवाराचा सोलापूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. हद्दवाढीतल्या वस्त्यांमधील मुलांचा येथे घोटाळा होतो, म्हणून आपल्या घराचे पोलीस ठाणे कोणते हे आधी पक्के करून घ्यावे. १८ वर्षांखालील उमेदवाराच्या नोंदणी अर्जावर पालकांची सही लागते.

मानसिक आरोग्याबाबत वेगळे कागद जाहिरातीत मागितलेले नसतात. तरीही ज्या मुलाने पूर्वी मानसोपचार घेतले आहेत, ज्याला फिट येऊन गेली आहे किंवा ज्याच्या डोक्याला मोठा मार लागला आहे, त्याने उपचारांचे सर्व कागद तारखांसह स्वतःजवळ ठेवावेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू असून त्यानुसार रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात राहिला एवढ्यावरून आजही आजार आहे असे ठरवता येत नाही, हेही त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. मात्र सैन्याचे वैद्यकीय निकष स्वतंत्र व कडक आहेत, आणि या कायद्याचा आधार घेऊन मेडिकलमध्ये पात्र ठरवून घेता येईल, असा समज कोणी करून घेऊ नये.

मैदानावरची अनुकूलता चाचणी

२०२४-२५ च्या भरतीपासून मैदानावर अनुकूलता चाचणी सुरू झाली. ही चाचणी उमेदवाराच्या स्वतःच्या मोबाइलवर द्यावी लागते, म्हणून स्मार्टफोन, पुरेसे चार्जिंग आणि २ जीबी डेटा सोबत असावा, अशी सूचना जाहिरातीत असते. १.६ किलोमीटरची धाव उत्तम वेळेत काढलेला मुलगा बॅटरी संपल्यामुळे अडचणीत यावा, यासारखी वाईट गोष्ट नाही. परका प्रदेश, हवामान, शिस्त आणि तुकडीतले एकत्र राहणे यांच्याशी उमेदवार कितपत जुळवून घेईल, हे त्यातून पाहिले जाते व जो यात उत्तीर्ण होत नाही त्याला पुढे जाता येत नाही.

या चाचणीची ‘ठरलेली उत्तरे’ पाठ करून घेण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, आणि मला तो मनापासून खटकतो. अशा चाचण्यांमध्ये एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा विचारण्याची पद्धत असते आणि पाठ केलेली उत्तरे तिथे एकमेकांशी जुळत नाहीत. ‘मला कधीच राग येत नाही’ असे लिहिणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलावर तपासणारा विश्वास ठेवणार नाही. शांत झोप घेऊन जाणे, प्रश्न पूर्ण वाचणे आणि खरे उत्तर देणे, याहून वेगळी तयारी या चाचणीसाठी करता येत नाही.

मेडिकलमधील विचारपूस

सैन्यात आरोग्याची प्रतवारी ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांच्या पद्धतीने होते. श्रवण, हात-पाय, सर्वसाधारण शरीरस्वास्थ्य आणि दृष्टी यांच्या आधी, पहिल्याच अक्षराला मानसिक क्षमतेची नोंद असते. पाचही बाबतींत निर्दोष असणारा ‘शेप-१’. मेडिकलमध्ये डॉक्टर पूर्वीचा मानसिक आजार, फिट, झोपेत चालणे, अंथरुणात लघवी होणे, व्यसन आणि घरातील कोणाचा गंभीर मानसिक आजार यांविषयी विचारू शकतात. बोलण्याची पद्धत, नजर आणि प्रश्न समजून उत्तर देण्याची क्षमताही ते पाहतात.

अंग भरण्यासाठी किंवा दम वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल येथे सांगणे भाग आहे. त्यांतील स्टेरॉइडमुळे चिडचिड, उद्वेग आणि बंद केल्यावर उदासी येऊ शकते, आणि ती नेमकी मेडिकलच्या किंवा प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यांत उफाळली तर मुलाला स्वतःलाच कळत नाही की आपल्याला काय होते आहे. पालकांनी पैशांचा हिशेब विचारताना हाही प्रश्न विचारावा.

अनफिट ठरवलेल्या उमेदवाराला लष्करी रुग्णालयात तज्ज्ञांकडून फेरतपासणी करून घेण्याची संधी असते. रुग्णालयाचे नाव आणि मुदत हातात दिलेल्या कागदावर लिहिलेली असते व ती मुदत चुकली की संधी जाते. त्यामुळे घरी येऊन कोणाकोणाचा सल्ला घेण्यात दिवस घालवू नयेत.

प्रशिक्षण केंद्रात

आपल्याकडची मुले बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्री केंद्र, खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, नाशिक रोडचे तोफखाना केंद्र किंवा आपल्या शाखेप्रमाणे अन्य राज्यांतील केंद्रांत जातात. पहाटेची पीटी, ड्रिल, हत्यारांचे शिक्षण, फोन फक्त ठरलेल्या वेळी, आणि रात्री दमून पडल्यावरही न लागणारी झोप. पहिल्या काही आठवड्यांत करमत नाही, जेवण जात नाही, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या दिवशी डोळे भरून येतात. हे सारे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचे ते आपोआप निवळते. वैद्यकीय वर्गीकरणात ज्याला समायोजनाचा विकार म्हणतात तो याच्या पुढची पायरी आहे: ताण सुरू झाल्यापासून साधारण महिन्याभरात तो दिसतो, रोजचे काम जमेनासे होते, आणि बहुधा ६ महिन्यांच्या आत तो बरा होतो. ही पायरी वेळेत ओळखणे, हा प्रशिक्षणकाळातील तपासणीचा मुख्य उपयोग आहे.

ओळखण्याची साधने दोन. एक प्रश्नावली आणि दुसरे निरीक्षण. प्राथमिक तपासणीच्या प्रश्नावल्या कशा असतात, हे समजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २० प्रश्नांची प्रश्नावली पाहता येईल. गेल्या ३० दिवसांत झोप नीट लागते का, भूक कमी झाली आहे का, हात थरथरतात का, जीव नकोसा वाटतो का, असे हो-नाही स्वरूपाचे प्रश्न तिच्यात आहेत. तिच्यातून निदान होत नाही. कोणाशी सविस्तर बोलायला हवे एवढेच कळते. समजा, १०० रंगरुटांपैकी ५ जणांना खरोखर मदतीची गरज आहे आणि प्रश्नावलीने त्यांतील ४ जण ओळखले, पण उरलेल्या ९५ पैकी दर पाचांत एकाकडे, म्हणजे १९ जणांकडे, उगाच बोट दाखवले. मग पुढे बोलावलेल्या २३ जणांत खरे गरजवंत ४ आणि बाकीचे १९ ठणठणीत. म्हणून ‘मला डॉक्टरांनी पुन्हा बोलावले’ असा फोन आला की घरात रडारड सुरू होण्याचे कारण नाही. सुटलेला तो पाचवा मुलगा मात्र प्रश्नावलीला सापडत नाही. त्याला बहुधा शेजारच्या खाटेवरचा सोबती, म्हणजे त्याचा बडी, किंवा लक्ष ठेवून असणारा उस्तादच ओळखतो.

भाषेची अडचणही सांगितली पाहिजे, कारण सोलापूरच्या मुलांना ती दुहेरी भोवते. प्रशिक्षणाची भाषा हिंदी. ‘शिक्षा’ या शब्दाचा हिंदीत अर्थ शिक्षण आणि आपल्याकडे दंड, त्यामुळे ‘शिक्षा में मन लगता है क्या’ या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलगा भलतेच देऊन बसू शकतो. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’ हे शब्द हिंदीत सांगताना अडतातच. ज्याच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलतात त्याला तर आधी मराठीतून वाट काढावी लागते. प्रश्न समजला नाही तर अर्थ विचारावा, आपल्या भागातला सोबती किंवा अधिकारी दुभाषा म्हणून मागावा. त्यात कमीपणा नाही.

नोंद झाल्यावर

उपचारांची गरज दिसली तर रंगरूट प्रथम एमआय रूममध्ये जातो. तेथील डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास त्याला लष्करी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले जाते, आणि त्यासोबत त्याच्या तुकडीच्या अधिकाऱ्याचा ठरावीक नमुन्यातील अहवाल जातो. तो कामात कसा आहे, सोबत्यांशी कसा वागतो आणि बदल केव्हापासून दिसला, हे त्यात असते. तज्ज्ञ समुपदेशन, औषध, काही काळ हलके काम किंवा रुग्णालयात भरती यांपैकी योग्य ते ठरवतात. बरे झालेला मुलगा पुढच्या तुकडीबरोबर प्रशिक्षण पूर्ण करू शकतो, म्हणून बॅच मागे पडली याचा अर्थ नोकरी गेली असा घेऊ नये.

क्वचित मुलाला परत पाठवले जाते. कसम परेडच्या आधी, म्हणजे शपथ होण्यापूर्वी, लष्करी नियमांनुसार सेवामुक्त करण्याची प्रक्रिया तुलनेने सोपी असते. आजाराच्या कारणाने सोडायचे असल्यास वैद्यकीय मंडळ बसते. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला, असे मंडळाने लिहिले आहे का, हे त्या कागदावरचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य. अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही, पण सेवेमुळे आलेले अपंगत्व १००, ७५ किंवा ५० टक्के असल्यास अनुक्रमे ४४, २५ किंवा १५ लाख रुपयांचे एकरकमी साहाय्य योजनेत आहे. धरमवीर सिंह यांच्या २०१३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्व निवृत्तिवेतनासंदर्भात म्हटले होते की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरले पाहिजे. भरतीच्या दिवशीची नोंद किती मोलाची असते, हे यावरून कळते. आणि पूर्वीचा आजार लपवून नोंदणी केल्याचे उघड झाले तर नोकरीही जाते आणि दाव्याचा आधारही.

प्रशिक्षणात असताना मुलाला किंवा घरच्यांना बोलावेसे वाटल्यास टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र व विनाशुल्क आहे आणि मराठीतून बोलता येते. सैन्यदलांतील जवान व कुटुंबीयांसाठी याच सेवेचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला. मुलाने फोनवर मरणाची भाषा केली तर पालकांनी उद्याची वाट न पाहता त्याच रात्री कंपनीच्या अधिकाऱ्यांना कळवावे. त्यासाठी केंद्राचा दूरध्वनी क्रमांक तो निघण्यापूर्वीच स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

घरी परतलेल्या मुलाने सेवामुक्तीचा दाखला, वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत, रुग्णालयातून सुटी देतानाचा सारांश आणि औषधांची यादी घेऊनच केंद्र सोडावे. नंतर पत्रव्यवहार करून हे कागद मिळवायला महिने जातात. त्यांच्या छायाप्रती घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी. उपचार मध्येच थांबू नयेत म्हणून पहिल्याच आठवड्यात सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात जाऊन ती औषधांची यादी दाखवावी आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज एकही गोळी बंद करू नये.