रक्तगुठळीविलयन, हातापायांतील

हातापायांच्या रोहिणीत (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत) किंवा नीलेत (हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीत) अडकलेली रक्ताची गुठळी औषधाने विरघळवून रक्तप्रवाह पूर्ववत करण्याची चिकित्सा. गुठळी जागेवरच झालेली असो (अंतर्क्लथन) वा हृदयासारख्या ठिकाणाहून वाहत आलेली (अंतर्कीलन), दोन्हींत ती वापरतात.

‘फायब्रिनोलिसिस’ (गुठळीला घट्टपणा देणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाचे विरघळणे) हा शब्द फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर दास्त्र यांनी १८९३ मध्ये योजला. औषधाचा उगम मात्र सामान्यतः १९३३ पासून धरतात. त्या वर्षी विल्यम टिलेट व आर. एल. गार्नर यांनी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या गाळलेल्या द्रवाने मानवी फायब्रिनची गुठळी विरघळते, असे दाखवले. जंतूंचा पदार्थच हे काम करतो, अशी तेव्हाची समजूत होती. १९४१ मध्ये मिलस्टोन यांना आढळले, की मानवी रक्तातील एका घटकावाचून ही क्रिया होतच नाही. १९४५ च्या सुमारास क्रिस्टेन्सेन व मॅक्लाउड यांनी त्या घटकाला प्लाझ्मिनोजेन आणि जंतूंच्या पदार्थाला स्ट्रेप्टोकायनेज म्हटले. शोधाचे श्रेय टिलेट यांना देतात ते योग्यच. तथापि चिकित्सेच्या दृष्टीने मिलस्टोन यांचे निरीक्षण अधिक निर्णायक ठरते. गुठळी विरघळते ती रुग्णाच्याच प्लाझ्मिनने, म्हणजे प्लाझ्मिनोजेनाच्या कार्यान्वित रूपाने. औषध प्लाझ्मिनोजेनाला केवळ कार्यान्वित करते. स्ट्रेप्टोकायनेज हे नावही काटेकोर नाही. हा पदार्थ स्वतः एंझाइम (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) नसून प्लाझ्मिनोजेनाशी जोडला गेल्यावर ती जोडी एंझाइमाचे काम करते. यूरोकायनेज व अल्टेप्लेज ही गुठळी विरघळवणारी दुसरी औषधे मात्र खरी एंझाइमे होत. शिवाय स्ट्रेप्टोकायनेजविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून हातापायांसाठी त्याचा वापर मागे पडला.

आरंभी औषध शिरेतून सर्व शरीरात देत आणि रक्तस्रावाचा धोका मोठा असे. पोर्टलंड (ऑरेगन) येथील चार्ल्स डॉटर यांनी १९७४ मध्ये नळी थेट गुठळीपर्यंत नेऊन अल्प मात्रेत स्ट्रेप्टोकायनेज दिले. आजची पद्धत त्याच मार्गाने जाते. बहुधा जांघेतील रोहिणीतून तार गुठळीच्या आरपार नेतात, अनेक छिद्रांची नळी तीत ठेवतात आणि औषध कित्येक तास, कधी एकदोन दिवस, थेंबथेंब सोडतात. गुठळी विरघळली की तिच्या मागे दडलेले रोहिणीचे आकुंचन उघडे पडते व त्यावर फुगा किंवा स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) वापरता येतो. या चिकित्सेचा खरा लाभ हाच मानावा लागेल.

शस्त्रक्रिया श्रेष्ठ की औषध, यावर मतभेद आहेत. १९९४ मधील ‘स्टाइल’ चाचणीत लक्षणांना १४ दिवस उलटले नसतील तर औषध सरस ठरले, त्याहून जास्त दिवस झाले असतील तर शस्त्रक्रिया. १९९८ मधील ‘टोपास’ चाचणीत ५४४ रुग्ण होते; अवयव वाचवून जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, पण मोठा रक्तस्राव यूरोकायनेज गटात १२.५ टक्के, तर शस्त्रक्रिया गटात ५.५ टक्के होता. गुठळी ताजी आणि अवयवाला काही तासांची उसंत असेल तेव्हा औषध, हा मध्यममार्ग अधिक ग्राह्य वाटतो. संवेदना व हालचाल पूर्ण नाहीशी होऊन ऊती मृत झाल्या असतील, तर औषधाचा उपयोग नाही. नुकताच झालेला पक्षाघात, मेंदूतील रक्तस्राव वा चालू असलेला रक्तस्राव असेल तर ही चिकित्सा टाळतात. प्रवाह परतल्यावर स्नायू सुजून दाब वाढल्यास त्यांवरील आवरण तातडीने चिरावे लागते.

नीलांतील गुठळ्यांबाबत ‘अट्रॅक्ट’ चाचणीत (२०१७) नंतर उरणाऱ्या पायाच्या विकाराचे प्रमाण नळीवाटे उपचार घेतलेल्यांत ४७ टक्के, तर केवळ रक्त पातळ ठेवणारी औषधे घेतलेल्यांत ४८ टक्के होते. त्यामुळे तेथे ही चिकित्सा मुख्यतः पायच धोक्यात आल्यास किंवा निवडक रुग्णांत करतात.